तापाच्या रकान्यात

अल रीम आयलंड, अबू धाबी
१२ जानेवारी २०२५

प्रिय जॅकी,

तुझ्या नाताळच्या कुलकुल्यांचा डबा व्हर्ननच्या हातून पोचला. तुझा भाचा फार गुणी आहे. दुबईहून सुट्टीच्या दिवशी बसने आला, पाणीसुद्धा मागून प्यायला नाही. हॉटेलात दिवसभर लोकांची सरबराई करून पोरगा स्वतःचं मागणं विसरलाय. आपल्या नातीला, अस्मीला, कुलकुले शंख वाटले. तिने दोन बाजूला काढून कानाला लावून पाहिले, मग खाल्ले.

ईश्वरी म्हणते, आई, एवढं ईमेल काढून दिलंय तर कागद कशाला? पण त्या ईमेलचा पासवर्ड तिलाच ठाऊक आहे, आणि म्हातारपणी बाईला थोडी खाजगी जागा हवी. शिवाय आपली सवय. वर्गात मराठी बोललं की मोठ्या सिस्टर दंड करायच्या, म्हणून आपण चिठ्ठ्या मराठीत लिहायचो. त्या चिठ्ठ्यांचीच ही पत्रं झाली.

तर एक काम आहे. ईश्वरी तिच्या पीएचडीच्या शेवटच्या प्रकरणावर अडली आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात मुंबईत प्लेग आला तेव्हा एकेका वॉर्डात दर हजारी किती माणसं मेली, असा तिचा विषय. मुलीने दुसरा विषय का घेतला नाही, हे मी विचारायचं सोडलंय. तिला आठवतंय की लहानपणी तुझ्याकडे आलो होतो तेव्हा माझगावच्या तुमच्या आळीत प्लेगच्या वेळचा क्रूस होता. तिला तुझ्याशी बोलायचंय. उत्तरं देशील ना?

तिची तब्येत बरी आहे. दोन वर्षांपूर्वीच्या ऑपरेशननंतर सगळं नीट होतं. हल्ली जरा थकते. परवा पुन्हा तपासण्या केल्या. अशक्तपणा असेल. या देशात ऊन इतकं आणि सगळे बसलेले काचेच्या आत.

तुझी,
सुचित्रा

*

माझगाव, मुंबई
३० जानेवारी

लाडके सुचे,

तुझं पत्र तुझ्या जावयाच्या, धनंजयच्या, ऑफिसच्या पोस्टबॉक्समधून निघून माझ्या हातात पडेपर्यंत माझे नाताळचे तारे उतरून झाले. तुझं अक्षर अजून तसंच आहे, मोठ्या सिस्टर बघत असल्यासारखं.

ईशूला सांग, हवं ते विचार. मी एका बोटाने टाइप करते, तेव्हा उत्तराला वेळ लागेल. ॲल्फ्रेडलाही विचारते. माझा भाऊ आता चौऱ्याहत्तरचा आहे. काल चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, पण आजोबांनी सांगितलेलं सगळं पाठ आहे.

तपासण्यांचं काय झालं? अशक्तपणा हा शब्द तू शाळेतही वापरायचीस, गणिताच्या पेपरच्या दिवशी. म्हणून विचारते.

जॅकी

*

ईमेल
९ फेब्रुवारी

जॅकी मावशी,

आईने तुला माझा विषय भयंकर करून सांगितला असणार. मी सोपा करते.

१८९६ चा पावसाळा संपता संपता मांडवीत प्लेग सुरू झाला. म्युनिसिपालिटी कुठल्या वॉर्डात किती माणसं गेली आणि कशाने गेली ते रकाने पाडून छापायची. प्लेगचा एक रकाना, तापाचा एक, आणखी बरेच. मी तुमच्या भागाचे आकडे मांडत बसले तर दिसलं की त्या हिवाळ्यात प्लेगचा रकाना बेताचाच भरलाय आणि तापाचा फुटेस्तोवर. आधीच्या वर्षांत तापाने एवढी माणसं कधीच जात नव्हती. ती तापाने गेलीच नाहीत, मावशी. घरच्यांनी ताप सांगितला. प्लेग म्हटलं की तपासणीवाले यायचे. आजाऱ्याला इस्पितळात न्यायचे, घरच्यांना छावणीत, आणि घराची कौलं काढून अंथरूण-पांघरूण जाळायचे. मग कोण सांगेल?

म्हणजे त्या वॉर्डाचा प्लेगचा मृत्युदर छापला त्याहून पुष्कळ जास्त होता. किती जास्त, ते मी काढतेय. पण माणसाला घरात लपवायचे कसे, हे आकड्यांत नसतं. तुमच्या आळीत कुणी काही सांगतं का?

माझी काळजी करू नकोस. आई करते तेवढी दोन देशांना पुरेल.

ईश्वरी

*

ईमेल
१६ फेब्रुवारी

ईशू बाळ,

ॲल्फ्रेडला विचारलं. तो म्हणाला, अ‍ॅलिसचं सांग तिला. आमच्या घरात हे नाव पुन्हा कुणाला ठेवलं नाही.

अ‍ॅलिस आमच्या आजोबांची थोरली बहीण. पंधरा-सोळा वर्षांची असेल. तिच्या काखेत गाठ आली तेव्हा पणजीने तिला माळ्यावर चढवलं, पुढे चटयांच्या गुंडाळ्या रचल्या आणि आळीत सांगितलं, वसईला मामाकडे गेलीय. आजोबा तेव्हा अगदी लहान. पणजीने त्यांनाही तेच सांगितलं होतं, पण वर ताट जाताना त्यांनी पाहिलं होतं.

एका सकाळी तपासणीवाले आले. एक गोरा साहेब, दोन शिपाई, एक नर्स. पणजीने त्यांना ओट्यावर बसवलं, शहाळी फोडून दिली आणि बोलत राहिली. आत जाऊ नयेत म्हणून नुसती बोलत राहिली. आजोबा सांगायचे, माझी आई कधी एवढी हसताना मी पाहिली नव्हती. ते गेल्यावर ती माळ्यावर चढली. अ‍ॅलिस गेलेली होती. तिच्या तोंडात तिच्याच लुगड्याचा बोळा होता. खाली कण्हणं ऐकू जाऊ नये म्हणून तिने स्वतःच तो धरला होता.

पणजीने मरणाचं कारण सांगितलं, ताप. तेव्हा तुझ्या त्या रकान्यात आमचं एक माणूस आहे.

पुढच्या वर्षी आळीने क्रूस उभा केला. पहिल्या लिटनीला, म्हणजे संध्याकाळी एकजण म्हणतो आणि बाकीचे उत्तर देतात त्या प्रार्थनेला, पणजी उठली आणि मोठ्याने म्हणाली, माझी अ‍ॅलिस प्लेगने गेली. तेव्हापासून आमच्याकडे रीत पडली. मे महिनाभर क्रूसापुढे लिटनी होते, त्यात आजाऱ्यांची नावं मोठ्याने घेतात. ज्यांची वेळ जवळ आलीय त्यांची वेगळी घेतात, त्यांना चांगलं मरण यावं म्हणून. चांगलं मरण म्हणजे दुसरं काही नाही, जवळ माणूस असणं. मग सगळ्यांना उकडलेले चणे वाटतात. आता तर ॲल्फ्रेडचा मुलगा हे सगळं रोज फोनवर लावतो. मेमध्ये तुला तो पत्ता पाठवीन, बघ.

एवढं टाइप करायला दोन दिवस लागले. पुढच्या जन्मी दहा बोटं वापरीन.

मावशी

*

अल रीम आयलंड
८ मार्च

प्रिय जॅकी,

तू विचारलं होतंस, तपासण्यांचं काय झालं. महिनाभर मला लिहिता आलं नाही.

परत आलंय. यकृतात पसरलंय. ईश्वरी स्कॅनला आत होती तेव्हा डॉक्टरांनी धनंजयला आणि मला बाजूच्या खोलीत बसवलं. औषध बदलून बघू म्हणाले, पण फार आशा धरू नका. वर्ष म्हणाले नाहीत, महिने म्हणाले. किती, असं धनंजयने विचारलं तेव्हा ते इन्शाल्ला म्हणाले आणि खाली बघितलं. या देशात तो शब्द मी भाजीवाल्यापासून लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यापर्यंत सगळ्यांकडून ऐकते आणि हसते. त्या दिवशी हसले नाही.

धनंजयने डॉक्टरांना विनंती केली की तिला इतक्यात काही सांगू नका, जे आहे ते माझ्याशी बोला. आम्ही तिला सांगितलं, यकृताला सूज आहे, औषधाने उतरेल. तिने विश्वास ठेवला. आकड्यांत एवढी हुशार, पण घरच्या माणसांचं लगेच खरं मानते, लहानपणापासून.

तिला कळलं तर ती लिहायचं सोडेल. आणि लिहायचं सोडलं की ती आडवी होईल, मला माहीत आहे. सध्या उशीला टेकून लॅपटॉप मांडीवर घेऊन बसते आणि अस्मीला सांगते, आय ॲम काउंटिंग पीपल. अस्मी विचारते, डेड ऑर अलाइव्ह?

तुझ्याकडून मला एवढंच हवंय. तिला प्लेगबद्दल लिहीत राहा. तुझ्या पत्रातून काही निसटू देऊ नकोस. तुझं तोंड खरं बोलायला फार उतावळं आहे, म्हणून हात जोडून सांगते.

घरात मी दिवसभर हसतमुख असते. रडायला बाथरूममध्ये जाते आणि नळ सोडते. समुद्राचं पाणी गोडं करून आणतात इथे, आणि मी ते असं वाया घालवते.

सुची

*

ईमेल
२० मार्च

जॅकी मावशी,

हे तुझ्यात आणि माझ्यात राहू दे. आईला कधीच कळू देऊ नकोस.

माझे रिपोर्ट हॉस्पिटलच्या ॲपवर येतात. माझ्याच फोनवर, मावशी. धनंजयला वाटतं की मी पाहिले नाहीत, कारण मी त्याला म्हटलं, ॲप चालत नाही, तूच बघून सांग. त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं, जस्ट सूज आहे. मी बरं म्हटलं. फेब्रुवारीपासून मला सगळं माहीत आहे. दरांचं शास्त्र शिकलेल्या बाईला स्वतःचा दर कळायला डॉक्टर लागत नाही.

आईला कळलं तर ती मोडेल. बाबा गेल्यावर ती माझ्याकडे आली ती माझ्यासाठीच जगतेय. सकाळी माझ्यासाठी नाचणीची पेज करते, भिंतीशी उभी राहून मी संपवेपर्यंत बघते. मला उलटी येते, ती आई खाली गेल्यावर काढते. परवा तिने शेवग्याच्या शेंगा आणल्या. किती दिरहम्स, मग त्याचे रुपये किती, मग पुण्याच्या मंडईत त्यात काय काय आलं असतं, असं सगळं मला ऐकवलं आणि मी हसले. आम्ही दोघी फार हसतो हल्ली.

रात्रंदिवस दुखतं, मावशी. आणि मला खूप भीती वाटते. हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी लिहितेय.

अ‍ॅलिसचं मी पुन्हा पुन्हा वाचते. आळीतल्या सगळ्यांना पणजीची दया आली असेल. मला वाटतं, अ‍ॅलिसला मी ओळखते.

प्रकरण मेअखेर पूर्ण करायचंय. करीन.

ईशू

*

माझगाव
६ एप्रिल

सुचे,

तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. चार वेळा लिहायला बसले, चार वेळा कागद फाडला.

तू सांगितलंस तसं करते आहे. ईशूला प्लेगचंच लिहिते. काही निसटू देत नाही. दिलेला शब्द मी पाळते, हे तुला माहीत आहे. कितीही जणांना दिलेला असला तरी पाळते.

पण एक विचारू? तू तिला कधी नुसतं विचारलंस का, ईशू, तुला काय वाटतंय? औषध घेतलंस का, पेज संपवलीस का, हे सोडून. एकदा विचार. उत्तर येईपर्यंत खोलीतून बाहेर जाऊ नकोस. याहून जास्त मी लिहू शकत नाही. का लिहू शकत नाही तेही लिहू शकत नाही.

तुला वाटेल जॅकी नेहमीसारखी उपदेश करायला लागली. वाटू दे.

आमची लिटनी एक मेपासून आहे. ईशूला फोनवर बघायचीय. तूही तिच्याजवळ बस.

जॅकी

*

अल रीम आयलंड
२० एप्रिल

प्रिय जॅकी,

तुझं पत्र वाचून मला जरा वाईट वाटलं. आजारी मुलीला तुला काय वाटतंय विचारायचं म्हणजे तिच्या मनात नसलेली शंका आपणच घालायची. तुला मूल नाही, म्हणून तुला हे कळणं अवघड आहे. रागावू नकोस, पण आहे ते असं आहे.

औषध बदललंय. केस पुन्हा गेले. अस्मीने तिच्या डोक्यावर स्केच पेनने फूल काढलं.

सुचित्रा

*

अल रीम आयलंड
११ मे

जॅकी,

काल जे झालं ते तुला कळलं आहे की नाही, मला माहीत नाही. कळलं असेल तर वाच, नसेल तरी वाच.

संध्याकाळी सहा वाजता, म्हणजे तुमच्याकडे साडेसात, ईश्वरीने फोन पोळ्यांच्या डब्याला टेकवून उभा केला. धनंजय ऑफिसात, अस्मी शेजारच्या नूरजहाँकडे खेळायला गेलेली. दहा दिवस आम्ही रोज असंच बघतोय. क्रूसाला झेंडूच्या माळा, मागे मोटारसायकली, पुढे खुर्च्यांवर तुम्ही सगळ्या. तू दुसऱ्या रांगेत पंख्याजवळची जागा पकडतेस, शाळेत पकडायचीस तशी. ॲल्फ्रेड पुढे उभा राहून म्हणतो, साथीपासून, दुष्काळापासून आणि युद्धापासून, आणि तुम्ही म्हणता, आम्हांला सोडव. ईश्वरीपण हळूच म्हणते.

काल त्याने आजाऱ्यांची नावं घेतली. त्यांत तिचं नव्हतं. मग तो थांबला, चष्मा वर सरकवला आणि म्हणाला, ज्यांची वेळ जवळ आली आहे त्यांच्यासाठी, आणि त्यांना चांगलं मरण यावं म्हणून, अबू धाबीची ईश्वरी, आमच्या जॅकलीनची भाची.

माझा हात फोन बंद करायला गेला. तिने माझं मनगट धरलं. त्या हातात एवढी शक्ती कुठून आली कोण जाणे.

"आई, राहू दे," ती म्हणाली. "मला माहीत आहे."

मी विचारलं, काय माहीत आहे? तेव्हासुद्धा, जॅकी. मी म्हटलं, ॲल्फ्रेडमामा म्हातारे झालेत, गोंधळले असतील, तू बरी होणार आहेस. हसूनसुद्धा दाखवलं.

ती म्हणाली, "तू फार वाईट खोटं बोलतेस. कॉन्व्हेंटची फी फुकट गेली."

पहिल्यांदा मला तुझा राग आला. इतका की तू समोर असतीस तर मी काहीतरी फेकलं असतं. मग फोनवर तुमचं गाणं सुरू झालं आणि कुणीतरी चण्यांचं पातेलं आणलं. ईश्वरी माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. मग ती म्हणाली, "आई, मला भीती वाटते." आणि रडली, मोठ्याने. तीन महिने माझी मुलगी माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर, आवाज न करता घाबरत होती आणि मी तिच्यासमोर उभी राहून पेज संपली का बघत होते.

धनंजय आला तेव्हा आम्ही तशाच होतो. त्याने दारातच बॅग खाली ठेवली. ती त्याला म्हणाली, ॲप चालतंय रे. तो तिथेच खाली बसला.

तुला माहीत होतं का, की तिला माहीत आहे?

सुची

*

माझगाव
१९ मे

सुचे,

व्हर्नन सुट्टीवर आलाय, तुझं पत्र त्यानेच आणून हातात दिलं. हेही तोच परत घेऊन येईल.

हो, माहीत होतं. मार्चपासून तुम्हां दोघींची पत्रं माझ्याकडे आहेत. दोघींनी एकच शब्द मागितला आणि मी वेडीने दोघींना दिला. रोज संध्याकाळी मी त्या खुर्चीत बसून देवाला सांगत होते, तूच काहीतरी कर, मला बांधून टाकलंय.

पण ॲल्फ्रेडला मी सांगितलं नव्हतं. मी त्याला फक्त म्हटलं होतं, आजाऱ्यांत ईश्वरीचं नाव घे. नाव सांगताना मला रडू आलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि नाव मनातल्या मनात खाली सरकवलं. आमच्याकडे तसंच करतात, घरच्याचं तोंड बघून. आणि फोनवरून लिटनी जाते ती दुबईला व्हर्ननकडे, एवढंच त्याला ठाऊक. तुम्ही मायलेकी तिथे बसला आहात, हे त्याच्या गावीही नव्हतं. मी सांगायला हवं होतं, राहून गेलं. कळल्यापासून तो नीट जेवत नाही. म्हणतो, मी जिवंत मुलीला तिच्या आईसमोर मारलं. लिटनी आता दुसरं कुणीतरी म्हणतं, तो मागे बसतो.

मुलाबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे. मला मूल नाही. पण तिने मला लिहिलं होतं की भीती वाटते, आणि ते वाचून मी तुला सांगू शकले नाही. तेव्हा मला वाटलं, देवाने मूल दिलं नाही ते बरंच केलं. एवढं सहन झालं नसतं.

मला हवा तेवढा राग कर.

जॅकी

*

ईमेल
२८ मे

जॅकी मावशी,

धनंजय टाइप करतोय, मी सांगतेय. त्याच्या ऑफिसच्या मराठीत काही चुकलं तर समजून घे.

ॲल्फ्रेडमामांना सांग, जेवा. त्यांनी मला मारलं नाही. त्यांनी मला माळ्यावरून खाली उतरवलं.

आता मी दुखलं की दुखतंय म्हणते. आई माझ्याजवळच झोपते. रात्री एकमेकींना खूप सांगतो, बरंचसं निरर्थक. काल तिने मला सांगितलं की कॉलेजात तिला एक मुलगा आवडायचा, आणि तो बाबा नव्हता. छत्तीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तिला सांगितलं, मला तिची पेज कधीच आवडली नाही. ती दुखावली, मावशी, खरोखर दुखावली. किती बरं वाटलं.

प्रकरण पूर्ण झालं. तुमच्या वॉर्डाच्या प्लेगच्या दरासाठी मी एकच आकडा दिला नाही. इथपासून इथपर्यंत असेल, असं लिहिलंय. तापाच्या रकान्यातली माणसं परत आणताना तेवढंच करता येतं. पण एक माणूस नक्की आहे, म्हणून तळटीप दिलीय, आळीच्या आठवणीप्रमाणे. सव्वाशे वर्षांनी अ‍ॅलिस प्लेगमध्ये मोजली गेली.

धनंजय म्हणतोय, आता पुरे. यल्ला, चल, बाय.

ईशू

*

अल रीम आयलंड
६ जुलै

प्रिय जॅकी,

फोनवर मी तुला नुसतं गेली एवढंच म्हणू शकले. आता लिहिते.

शेवटचे चार दिवस हॉस्पिटलात होती. इथे घरी ठेवता येत नाही. नर्स केरळची होती, तिने मला पलंगावर बसू दिलं. ईश्वरीचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि धनंजयने पाय धरले होते. दुपारची वेळ होती. तिने पाणी मागितलं, मी कापूस भिजवून ओठांना लावला. नंतर बराच वेळ मी तिच्याशी बोलत होते. कधी थांबली ते मला कळलं नाही, नर्सने सांगितलं. शहराबाहेरच्या स्मशानात नेलं तेव्हा इतकं ऊन होतं की धुराची सावली वाळूवर दिसत होती.

ॲल्फ्रेडला सांग, ती एकटी नव्हती. हे तू त्याला तोंडाने सांग, पत्र वाचायला देऊ नकोस.

आता अस्मीचं लिहायचंय. तिला नूरजहाँकडे ठेवलं होतं. धनंजयने तिला सांगितलं होतं की मम्मा ट्रीटमेंटसाठी पुण्याला गेलीय. शाळेची सुट्टी संपू दे, मग हळूहळू सांगू, म्हणाला. पोर आठ वर्षांची आहे. त्याचं सगळं खरं होतं, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. मी काही बोलले नाही. दोन दिवस अस्मी घरात होती. मी तिला जेवायला घालत होते आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मम्माला फोन लावू या, असं ती एकदाही म्हणाली नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, बरं झालं, खेळात विसरली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला कळलं की ती का म्हणत नाही.

मी धनंजयला हाक मारली आणि म्हटलं, आत्ता सांगणार आहे, तू पण बस. तो नको म्हणाला. मग येऊन बसला.

मी तिला देवाघरी म्हटलं नाही, तारा झाली म्हटलं नाही. म्हटलं, अस्मी, मम्मा पुण्याला नाही. मम्मा खूप आजारी होती आणि ती मेली. आपण आता तिला पुन्हा बघू शकणार नाही.

ती म्हणाली, "आय न्यू." मग विचारलं, "डिड इट हर्ट?" मी सांगितलं, आधी खूप दुखत होतं, शेवटी औषधाने नाही दुखलं. आम्ही जवळ होतो. तिने धनंजयकडे पाहिलं. तो मान हलवत रडत होता. ती त्याच्या मांडीवर चढली आणि त्याच्या शर्टाच्या बाहीने त्याचं तोंड पुसायला लागली.

थोड्या वेळाने तिने मला विचारलं, "आजी, इज इट अ सीक्रेट?"

मी म्हटलं, नाही. ज्याला सांगायचंय त्याला सांग.

अजान झाली. ऊन उतरलं की या बिल्डिंगची सगळी मुलं खाली येतात. अस्मीने सँडल घातल्या आणि लिफ्टने खाली गेली. मी बाल्कनीत जाऊन उभी राहिले. अकराव्या मजल्यावरून आवाज येत नाही. मला दिसलं, ती घसरगुंडीपाशी गेली. तिथे नूरजहाँची मुलगी आणि दुसरी दोन-तीन मुलं होती. अस्मीने काहीतरी सांगितलं. सगळी थांबली. वर चढलेला एक मुलगा तिथेच बसून राहिला. मग नूरजहाँच्या मुलीने अस्मीचा हात धरला, आणि अस्मी मान वर करून, तोंड उघडून रडायला लागली, सगळ्यांसमोर.

मी चप्पल न घालता खाली गेले.

तुझी,
सुची